नागिणीला मोजणारी टेप

मित्रांनो, शिंप्याच्या गळ्यात लटकणारी जुनी टेप ती मी. माझे सुरुवातीचे आकडे बोटांनी पुसले गेले आहेत, टोकाची पितळी पट्टी सैल झाली आहे. तरी मालकांचे माझ्यावाचून पान हलत नाही. कितीतरी पोटे मी मुकाट्याने कवेत घेतली. गिऱ्हाइकाने पोट आत ओढले की मालक म्हणत, "सोडा साहेब, शर्ट घातल्यावरही श्वास घ्यायचाय."

एकदा मालकांच्या उजव्या कुशीत आग होऊ लागली. मग तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पट्टा उठला. शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "नागीण आहे ही. कमरेला विळखा पुरा झाला, तोंडाला शेपूट लागली, की माणूस संपला!"

मालक घाबरले. दवाखान्यात जायचे सोडून पडद्याआड मला कमरेला गुंडाळून ते उरलेले अंतर मोजू लागले. माझा नुसता स्पर्श झाला तरी कळवळत. मला बोलता आले असते तर सांगितले असते, माझी टोके रोज जुळतात हो, कोणी मरत नाही.

धाकट्या बहिणीने पडदा सरकवला. "दादा, स्वतःला सूट शिवतोयस की काय?" मग फोड दिसले आणि तिने मालकांचा हात धरून त्यांना बाहेर ओढले. "चल आधी दवाखान्यात!"

मी गळ्यातच राहिले, म्हणून डॉक्टरीणबाईंचे बोलणे ऐकले. "हा कांजिण्यांचाच विषाणू. इतकी वर्षं नसेच्या मुळाशी झोपला होता. ती नस पाठीच्या कण्यातून निघते आणि पोटाच्या मध्यावर संपते. कापड दुमडून कापता ना? तशी ही नागीण अंगाच्या मधल्या घडीपाशीच थांबते. विळखा कसला घालतेय!"

मालकांनी पहिल्यांदाच पूर्ण श्वास सोडला.

"पण गोळ्या पुरळ उठल्यावर तीन दिवसांत सुरू केलेल्या बऱ्या. मोजत बसला असतात तर तेही हुकलं असतं. फोड फोडू नका, झाकून ठेवा. आग झाली तर थंड ओलं फडकं ठेवा, कपडे सैल आणि सुती घाला. गरोदर बायका आणि तान्ही बाळं यांच्यापासून सध्या लांब राहा."

घरी आल्यावर बहिणीने मला साबणाने धुतले. फोड सुकले, खपल्या पडल्या. आग मात्र बरेच महिने रेंगाळली. त्या आगीसाठी डॉक्टरीणबाईंनी वेगळे औषध दिले. मालकांनी स्वतःसाठी उजव्या कुशीला शिवणच येणार नाही असा सदरा बेतला. त्याचे माप मीच घेतले, अगदी सैल हाताने.

मित्रांनो, कपड्यासाठी मला हवे तितके गुंडाळा. दुखणे कुठवर पसरले हे मात्र मला लावून मोजू नका. ते माप डॉक्टरांना घेऊ द्या, आणि वेळेत घेऊ द्या.