दुपारचे हात

दातांच्या रुग्णालयात तळमजल्यावर कवळ्या तयार करायची खोली होती. तिथे दोघी बहिणी शेजारी शेजारी बसायच्या. थोरलीला सगळे ताई म्हणत, अगदी डॉक्टरसुद्धा. धाकटी सगळ्यांची धाकटीच. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ती नव्या माणसाला हमखास ऐकवायची, "आमच्या दोन चुली त्यावरच पेटतात."

ताईला आमवात होता. ही गोष्ट त्या खोलीत एकट्या धाकटीला ठाऊक होती. वयाबरोबर सांधे झिजतात, तसला हा आजार नव्हे. यात शरीराची रोगांशी लढणारी यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तराला शत्रू समजते. अस्तर सुजतं आणि वेळीच आवरलं नाही तर शेजारचं हाडही कुरतडलं जातं. सांध्यांच्या डॉक्टरांनी हे समजावलं, तेव्हा धाकटी म्हणाली होती, "म्हणजे पगार आपला खायचा आणि लाठ्या आपल्यावरच चालवायच्या." निदान झाल्यापासून ताई तेव्हा पहिल्यांदा हसली.

आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी लागू पडली होती, सूज बरीच उतरली होती. सकाळ मात्र ऐकत नसे. रात्रभर न हललेली बोटं उठल्यावर लाकडासारखी असत. मूठ वळायची नाही, बटण लागायचं नाही. घरात खालच्या मजल्यावर राहणारी धाकटी रोज कोमट पाणी घेऊन वर यायची, ताईचे हात त्यात धरायची, एकेक बोट चोळायची, मग बटणं आणि वेणी. सकाळी कडी सरकवणं ताईला जमत नसे, म्हणून दार रात्री नुसतं लोटलेलं असे. कामातही तशीच वाटणी होती. सकाळी प्लास्टर कालवणं, साचे सोडवणं धाकटीकडे. दुपारी बोटं मोकळी झाली की मेणात दात बसवायचं नाजूक काम ताईकडे, स्वतःचं आणि धाकटीचं अडलेलंही.

खोलीचे प्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी दोघींपैकी एकीला नेमायचं ठरलं. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, माझ्यासमोर वरच्या जबड्याचे दात बसवून दाखवा. वेळेचा निरोप धाकटीनं आणला: सकाळी आठ, कारण डॉक्टर दुपारी मोकळे नाहीत. ताईनं वेळ मान्य केली. वेळ बदलून मागायची तर कारण द्यावं लागणार, आणि कारण कळलं तर दुपारचं कामही हातचं जाईल, अशी तिची समजूत होती.

त्या दिवशी ती उजाडायच्या आत उठली. तरी मेणाची सुरी बोटांत ठरेना. पुढचा एक दात बसला, त्याला लागून दुसरा ठेवताना पहिला फिरला. तो सरळ करेपर्यंत मेण ओघळलं. शेजारी धाकटी मान खाली घालून काम करत होती. खोलीतल्या प्लास्टरवाल्या मदतनीसानं हळूच टोमणा मारला, ताईंनी आज हात दाखवून अवलक्षण केलं. त्याला काय माहीत.

जागा धाकटीला मिळाली. निदान घरात राहिली, असं ताई सगळ्यांना सांगत राहिली, आणि तिला ते खरंच वाटत होतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी मोठे डॉक्टर खोलीत आले. ताई एका म्हाताऱ्या शिक्षकाची कवळी करत होती. त्याच्या तरुणपणच्या फोटोत पुढचा दात जरासा तिरका होता, तेवढाच तिरपेपणा ती मेणात आणत होती. डॉक्टर बघतच उभे राहिले.

"त्या दिवशी घाबरलात वाटतं," ते म्हणाले. "मी तर दुपारीच बोलावलं होतं. दोघींना सकाळच बरी, असं तुमची बहीण म्हणाली."

ताईनं दात बसवून पूर्ण केला.

संध्याकाळी घराच्या जिन्यात तिनं धाकटीला गाठलं. धाकटी आधी म्हणाली, वेळ नीट लक्षातच राहिली नव्हती. मग म्हणाली, डॉक्टरांचाच काहीतरी घोटाळा असेल. ताई तिच्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"दुपारी तुझ्यापुढे माझा काय टिकाव लागणार?" धाकटी शेवटी म्हणाली. "माझी म्हणून गेलेली निम्मी कामं तुझी आहेत. मलाही काहीतरी हवं होतं."

"मागायचंस."

"तू दिलं असतंस, ताई. तेच नको होतं."

ताई वर आली. दुखणं लपवताना तिनं सगळ्यांचा धसका घेतला होता. डॉक्टरांचा, प्लास्टरवाल्याचा, शेजाऱ्यांचा. धाकटीला मात्र दुबळी जागा शोधावी लागली नव्हती. रोज सकाळी ती स्वतःच्या हातांनी तीच जागा चोळत आली होती.

झोपण्यापूर्वी ताईनं दाराची कडी लावली. बोटं त्या वेळी छान चालत होती.

सकाळी दार ढकललं गेलं, मग वाजलं.

"ताई, कडी काढ. पाणी निवतंय."

ताई पलंगावर बसली होती, बटणं उघडी, हात मांडीवर.

"निवू दे. बोटं चालली की मी काढीन. मग सरळ मोठ्या डॉक्टरांकडे जाईन. माझ्या हातांचं मीच सांगेन त्यांना."

 बाहेर धाकटीची पावलं जिना उतरून गेली. ताईनं उजव्या हाताचं पहिलं बोट डाव्या तळव्यावर टेकवलं आणि हळूहळू वाकवायला सुरुवात केली.