दोन ठिपक्यांचे बोल्ट

गल्लीत कपडे शिवणाऱ्या टेलरची गाडी ट्रकमागे दोरीनं ओढून गॅरेजमध्ये आणली, तेव्हा त्याची आई जाऊन आठवडाही झाला नव्हता. टेलर स्वतः आला नाही. ओढून आणणाऱ्या ट्रकवाल्यानं किल्ली मिस्त्रींच्या हातात दिली आणि म्हणाला, "सावकाश होऊ द्या म्हणालेत. आता काही घाई नाही."

मिस्त्री किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले. शेवटी त्यांच्या लेकीनंच ती काढून घेतली.

काय झालं ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. टेलर आईला घेऊन मोठ्या हॉस्पिटलात निघाला होता. डोंगराच्या चढणीला गाडी तापली, धुराचा लोट उठला आणि इंजिन बंद पडलं ते पडलंच. तिथं फोन लागत नव्हता. बऱ्याच वेळानं एक टेम्पो थांबला, तोवर म्हातारीनं मागच्या सीटवर लेकाच्या मांडीवर जीव सोडला होता. त्याच गाडीचं इंजिन थोड्याच दिवसांपूर्वी याच गॅरेजमध्ये बांधलं होतं. कुणी तोंडावर बोललं नाही, पण चहाच्या टपरीवर मिस्त्री आले की बोलणं थांबायचं.

गॅरेज बाप-लेकीचं. लेक नवरा गेल्यावर माहेरी परतली आणि वर्षभर घरात बसून राहिली. मग एके दिवशी बापाच्या हातातला पाना घेऊन म्हणाली, "बाबा, दाखवा कसं करतात ते." आता इंजिनं तीच उघडायची. बाप गमतीनं म्हणायचा, "माझ्या हाताखाली होती ती, आता मी तिच्या हाताखाली आहे."

टेलरचं इंजिन मागच्या वेळी तिनंच उघडलं होतं. पण पुन्हा बांधायच्या आधीच तापानं तिला अंथरुणाला खिळवलं आणि उरलेलं काम बाबांनी केलं.

तिनं पुन्हा हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, उतरवलं. त्याखालची पातळ पट्टी, ते गॅस्केट, दोन सिलिंडरांच्या मधोमध जळून काळं पडलं होतं, हेड वाकलं होतं. म्हणजे हेड खालच्या ब्लॉकवर घट्ट दाबून बसलेलंच नव्हतं. तिनं काढलेले बोल्ट रॉकेलच्या थाळ्यात टाकले आणि एकेक पुसायला घेतला. पहिलाच बोल्ट पुसला आणि तिचा हात थांबला. त्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन ठिपके होते.

ठिपके तिचे होते. या गाड्यांच्या हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात. कसताना ते मुद्दाम ताणायचे, त्या ताणावरच हेड धरून राहतं. एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा कसला तर कसल्यासारखा वाटतो, पण इंजिन तापलं की ढिला पडतो. जुने नव्यांत मिसळू नयेत म्हणून ती काढलेल्या प्रत्येक बोल्टावर पंचानं दोन ठिपके मारायची. दोन ठिपके म्हणजे भंगार.

तिनं सगळे पुसले. सगळ्यांवर ठिपके होते. तरी तिनं कपाटातून एक नवा बोल्ट काढला, फडक्यावर जुने त्याच्या शेजारी ओळीनं मांडले आणि लांबी मोजायला व्हर्नियर लावला. जुने सगळे लांब भरले. दोन-तीन बोल्टांचे तर आटे मध्येच कमरेसारखे बारीक झालेले, नखाला लागत होते. मग मात्र तिला स्वतःची समजूत घालता येईना.

बाबा बाहेर एका गाडीचं चाक बसवत होते.

"बाबा, टेलरकाकांच्या हेडला नवे बोल्ट टाकले होते ना?"

"टाकले की."

तिनं बोल्ट त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी माथ्यावरून अंगठा फिरवला. मग चाकाशेजारी खालीच बसले.

"नवे आलेच नव्हते," ते म्हणाले. "दुकानदार उद्या-उद्या करत होता. टेलर इथं स्टुलावर बसून. सकाळी हॉस्पिटलात नंबर लागलाय म्हणाला. चुकला तर पुन्हा कधी कोण जाणे. मी म्हटलं, एक दिवस थांबा, नवे बोल्ट येतील. तो ऐकेना."

"जुन्यांनी काय होऊ शकतं, ते सांगितलंत?"

"जपून चालवा म्हटलं."

"म्हणजे नाही सांगितलंत."



"आम्ही आयुष्यभर तेच तेच बोल्ट कसत आलो," मिस्त्री पुटपुटले.

"ते बोल्ट वेगळे होते."

"वेगळे होते. मीच शिकवलंय तुला." त्यांनी बोल्ट मुठीत धरला. "म्हातारी थकली होती गं. डॉक्टरांनीही हात टेकले होते. गाडी न थांबती तरी..."

"असेल, बाबा. पण गाडी थांबली."

"आता काय करू म्हणतेस? नवे टाक, हे भंगारात जाऊ दे. कोण बघायला येतंय?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ती म्हणाली. "गल्ली बोलतेच आहे. पण गल्लीचं सोडा. मला रोज तुमच्यासमोर बसून जेवायचंय."

त्या दिवशी दोघं जेवली, पण एकमेकांच्या ताटाकडेही बघितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी धुतलेला शर्ट घातला, बोल्ट कागदात गुंडाळला आणि म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्यानं गेलो तर दारातून परत येईन."

टेलरचं दुकान एका खोलीचं. दाराशी उजेडात एक बुटकं स्टूल होतं, त्यावर म्हातारी बटणं लावत बसायची. स्टुलावर बटणांचा डबा तसाच होता. टेलर टेबलावर कापड कापत होता. त्याची दाढी वाढली होती.

"या मिस्त्री," तो म्हणाला. "झाली का गाडी?"

"नाही." मिस्त्रींनी कागद सोडून बोल्ट कापडाच्या कडेला ठेवला. "हा जुना आहे. तुमच्या गाडीला मी जुनेच बोल्ट टाकले होते. त्यामुळे गाडी तापली. काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

टेलरनं कात्री खाली ठेवली नाही. त्यानं बोल्टाकडे बघितलं.

"तुम्ही एक दिवस थांबा म्हणाला होतात," तो म्हणाला. "मी काय म्हणालो, आठवतं?"

मिस्त्रींनी मान डोलावली.

"शर्टाला जुनं बटण लावलं म्हणून शर्ट फाटत नाही, असं म्हणालो. तुम्ही हसलात."

"हसलो," मिस्त्री म्हणाले.

"बहीण म्हणत होती, अ‍ॅम्ब्युलन्स बोलव. मी म्हटलं, आपली गाडी असताना कशाला." आता त्यानं कात्री ठेवली. "मिस्त्री, मी रोज रात्री स्वतःला सांगत होतो, यंत्र आहे, बंद पडलं. तिची वेळ भरली होती. तेवढ्यावर डोळा लागत होता. आज तुम्ही तेही घेऊन चाललात."

मिस्त्रींनी हात जोडले. टेलरनं मान दुसरीकडे वळवली.

"मला शिव्या द्या, काका, बाबांना नका..." लेक मध्येच म्हणाली.

"शिव्या कुणाला देऊ, बाई?" टेलर शांतपणे म्हणाला. "गाडी नीट करा. आणि एवढंच करा, बहिणीला हे कळू देऊ नका. जुन्या बोल्टांना मीच हो म्हटलं हे कळलं, तर ती माझं तोंड बघायची नाही. माझं म्हणावं असं तिच्याशिवाय कुणी उरलं नाही."

परतताना मिस्त्री मध्येच एका ओट्यावर बसले. लेक शेजारी उभी राहिली. "बरं वाटलं का, बाबा?" असं विचारावंसं तिला वाटलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं विचारलं नाही.

हेड घासून सरळ करून आणलं, नवं गॅस्केट आलं, नवे बोल्ट आले. तिनं ते तेलाचं बोट फिरवून बसवले, मधल्यापासून बाहेर सरकत, थोडे थोडे करत कसले. मिस्त्री भिंतीला टेकून बघत होते. शेवटच्या ताणासाठी तिनं टॉर्क रेंच, म्हणजे मोजून कसायचा पाना, त्यांच्यापुढे केला, तर त्यांनी मानेनंच नकार दिला. तो ताणही तिनंच दिला. त्यानंतर त्यांनी इंजिनाला हात लावला नाही. पंक्चर काढायचे, तेल बदलायचे, बाकी वेळ बसून राहायचे.

गाडी न्यायला टेलर आणि त्याची बहीण दोघं आली. इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं. बहिणीनं मागच्या सीटवर हात ठेवला, पदर डोळ्यांना लावला आणि मग विचारलं, "काय बिघडलं होतं हो हिचं?"

टेलर रस्त्याकडे बघत होता. मिस्त्री जमिनीकडे.

"हेडचे बोल्ट ढिले पडले होते," लेक म्हणाली. "नवे टाकलेत."

"म्हणजे कुणाचा दोष नाही म्हणायचा," बहीण म्हणाली. "मी उगाच याच्यावर चिडले. अ‍ॅम्ब्युलन्स का नाही बोलावलीस म्हणून नको नको ते बोलले." ती मिस्त्रींकडे वळली. "तुमचे उपकार झाले. आईला ही गाडी फार आवडायची."

बहीण गाडीत बसली. टेलरनं किल्ली तिच्याच हातात दिली. "तू चालव. मला दुकान उघडायचंय," असं म्हणून तो पायीच निघून गेला.

गाडी वळणाआड गेल्यावर लेकीनं हात धुतले. वळून बघते तर बाबा आत जाऊन, भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवे झाले होते. तिनं दुपारचं गॅरेज एकटीनंच चालवलं. जेवायला हाक मारली तेव्हा त्यांनी ओ दिली, पण ते उठले नाहीत.