तिखट कान

तिचे कान तिखट आहेत, याबद्दल घरात कुणाचंच दुमत नव्हतं. तिचं स्वतःचं तर नव्हतंच. डोकं चढलं की शेजारच्या घरातला चमचा पडलेलाही आपल्या कपाळावर आपटतो, असं ती सांगायची. लग्न होऊन आली तेव्हापासून ही अर्धशिशी तिच्या मागे लागली होती. पडदे ओढून, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून ती पडून राहायची आणि सगळं घर चवड्यांवर चालायचं.

नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. दिवसभर "ब्रेक! अहो, ब्रेक म्हटलं!" असं ओरडून त्याचा आवाज रस्त्यासारखा रुंद झाला होता. तरी घराच्या उंबऱ्याशी आला की तो आवाज चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा. मुलगी, जिला सगळे ठकी म्हणत, ती तर बोलायला लागली तीच मुळी कुजबुजत.

ती स्वतः कवळ्या बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात कामाला होती. डॉक्टरांकडून लोकांच्या हिरड्यांचे साचे यायचे, त्यावर मेण चढवायचं, दात बसवायचे, घासून गुळगुळीत करायचं. बारीक, एकाग्रतेचं काम. घासायच्या यंत्राच्या घुर्रघुर्रीत तिथे तसंही कुणी फारसं बोलत नसे.

अलीकडे डोकेदुखीबरोबर चक्कर यायला लागली, कानात शिट्टी वाजल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून नवऱ्याने हट्टाने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कान तपासून घेऊ."

ती हसली. "डोकं तपासा हो माझं. कान काय तपासता? उलट ते थोडे बधिर करून दिलेत तर उपकार होतील."

तरी गेली. काचेची लहानशी खोली, आतून जाड स्पंज लावलेली. तपासणाऱ्या तरुणाने तिच्या कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. काचेपलीकडे बसून तो आपल्या यंत्राची बटणं फिरवायला लागला. ती सावरून बसली. एक बारीक टुंई आली, तिने बटण दाबलं. आणखी एक आली. मग काहीच नाही. ती वाट बघत राहिली. यंत्र बिघडलं असावं, बिचाऱ्याच्या लक्षात येत नसेल, असं वाटून तिने काचेवर टकटक केली.

"सुरू करा ना."

त्याने दार उघडलं. त्याचा चेहरा जरा चमत्कारिक झाला होता. "झालं, ताई. संपली तपासणी."

डॉक्टरीणबाईंनी कागद समोर ठेवला. त्यावरच्या रेघा डावीकडे, जाड आवाजांपाशी, बऱ्या होत्या आणि पुढे, बारीक आवाजांकडे, जिन्यावरून घसरल्यासारख्या खाली आल्या होत्या. दोन्ही कानांच्या.

"हे दुसऱ्या कुणाचं असेल," नवरा म्हणाला. "हिला वर्तमानपत्राची घडी उलगडलेली खपायची नाही!"

"दोन्ही एकदम होऊ शकतं," त्या म्हणाल्या. "हळू आवाज पोचत नाहीत आणि मोठे आवाज सहन होत नाहीत. अर्धशिशीच्या काही रुग्णांमध्ये असं दिसतं. यांचं त्यामुळेच झालं की कारखान्यातल्या यंत्राच्या आवाजामुळे, हे मी छातीठोकपणे नाही सांगणार. तुम्ही एक करा. यांच्या मागे उभे राहा आणि घरी बोलता तसं काहीतरी बोला."

नवरा मागे जाऊन उभा राहिला. तिला मागून ओळखीची गुणगुण ऐकू आली. शब्द लागले नाहीत, पण ते नेहमीचंच होतं. ती कौतुकाने डॉक्टरीणबाईंकडे वळली.

"बघा, असेच बोलतात हे. जिवाला जपून. अख्ख्या संसारात घरात आवाज चढवला नाही कधी."

बाहेरच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याने दारातून मान आत घातली आणि विचारलं, "कुणाची गाडी कुठे लावलीये म्हणता?"

तिने मागे वळून बघितलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अगं," तो तिच्या समोर येऊन म्हणाला, "मी नेहमीसारखाच बोललो. चांगला खणखणीत."

"काहीतरीच."

"कुजबुजणं आम्ही केव्हाच सोडलंय."

"केव्हा?"

"तू ओरडेनाशी झालीस तेव्हा. आम्हाला वाटलं, तुझं डोकं जरा बरं आहे आता. शांत झालीस."

इतकी वर्षं ती शेजारणीपाजारणींना सांगत आली होती, माझ्या माणसांसारखी माणसं शोधून सापडायची नाहीत, घरात टाचणी पडली तर ऐकू येईल. आणि टाचणी काय, घरात चमचे पडत होते, टीव्ही चालू होता, माणसं हसत होती, भांडत होती!

घरी आल्यावर ती चपला न काढताच खुर्चीत बसली. नवरा पाणी घेऊन आला.

"आणखी काय काय झालं माझ्या मागे?" तिने विचारलं.

"तुझ्या मागे काही नाही. तुझ्यासमोरच झालं सगळं."

"म्हणजे?"

तो चाचरला. मग तिच्या तोंडासमोर बसून, एकेक शब्द तोडून म्हणाला, "ठकी नोकरीला लांब जाताना माझं नि तिचं केवढं वाजलं होतं. इथे, या खोलीत. तू आत पडली होतीस, दार उघडंच होतं. मी म्हणत होतो, आईला अशी सोडून जाऊ नकोस. ती म्हणत होती, आईनेच जा म्हटलंय."

"मी?" ती ताडकन उठली. "मी कधी म्हटलं? तिने मला विचारलं तरी का? नोकरी धरली, बॅग भरली, निघाली! गिळून बसले मी ते. एक शब्द बोलले नाही तिला."

"तेच तर. तू एक शब्द बोलली नाहीस."

ठकी दूरच्या शहरात नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत होती. तिचे फोन यायचे, पण आई "बरं, बरं, ठेवते" करून आटोपतं घ्यायची. आता नवऱ्याने फोन लावला, आवाज मोठा केला, दवाखान्यातलं सगळं सांगितलं आणि मुलगी काय म्हणते ते बायकोला समोरून सांगायला लागला.

"ती म्हणतेय, मी विचारलं होतं. पडदे ओढलेले होते, तुझं डोकं चढलं होतं, तेव्हा उशाशी बसून. दुसऱ्या दिवशी कंपनीला कळवायचं होतं म्हणून. 'आई, मला लांबची नोकरी मिळतेय, तुझं हे असं असताना मी जाऊ का?'"

"आणि मी काय म्हटलं?"

नवऱ्याने मान खाली घातली, मग आठवण झाली तशी वर केली, तिला ओठ दिसावेत म्हणून.

"'जा, जा. आणि दार लोटून घे.'"

तिला आठवलं. अंधार, कपाळावर ठकीचा हात, आणि गुणगुणीच्या शेवटी ते दोनच शब्द, जाऊ का. खोलीतून जायचं विचारतेय, एवढंच तिला वाटलं होतं. तेवढं बोलून ती भिंतीकडे वळली होती.

"ती म्हणतेय, मी तिथेच बसून रडले. तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस."

तिने पदर तोंडात धरला तरी हुंदका आवरेना. मुलगी शेजारी बसून रडते आणि आईला पत्ता नाही! असं कुणाच्या बाबतीत घडलेलं तिने ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता.

पलीकडून ठकी काहीतरी विचारत होती. नवऱ्याला ते सांगायचं धाडस होईना.

"सांगा," ती म्हणाली.

"विचारतेय, ऐकू आलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण तिला ते जमेना. "नको जाऊ म्हणाले असते," ती फोनकडे वाकून म्हणाली. "हात धरून बसवून ठेवलं असतं तुला."

नवऱ्याने पलीकडचं ऐकून घेतलं आणि तिच्याकडे तोंड करून म्हणाला, "म्हणतेय, मग मी गेलेच नसते, आणि इथलं काम मला फार आवडतं. पण तेवढं एकदा तुझ्या तोंडून ऐकायचं होतं गं, म्हणतेय."

कानांचं गेलं ते काही परत आलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्टच सांगितलं. डोक्यासाठी रोजची गोळी सुरू झाली, अर्धशिशीचे झटके थोडे लांबले. कामावर यंत्राशी बसताना ती कानांवर जाड टोप्या चढवायला लागली आणि घरी कानांत श्रवणयंत्रं घालायला लागली. पहिले काही दिवस भयंकर गेले. नवऱ्याचा खरा आवाज ऐकून ती दचकायची. हा माणूस अंघोळ करताना स्वतःशीच वाहतुकीच्या नियमांवर वाद घालतो, हे तिला या वयात कळलं.

सुट्टीत ठकी आली. मायलेकी पहिल्या दिवशी परक्यासारख्या जपून वागल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आईचं डोकं चढलं, तशी ती कानांतली यंत्रं काढून पडून राहिली. ठकी खोलीत आली, पडदा बोटभर बाजूला सारला, उजेड आपल्या चेहऱ्यावर येईल अशी बसली आणि तिकडचं सांगायला लागली. घरमालकीण, ऑफिसातली खिडकी, एका नदीचा नकाशा जो काही केल्या जुळत नव्हता.

उजेडाने आईच्या डोळ्यांत सुया टोचत होत्या. तरी तिने ते मिटले नाहीत.

"थांब," ती म्हणाली. "घरमालकिणीनंतरचं कळलं नाही मला. परत सांग."