दोन झडपांचा एक रंग

मी एक जुनी सागवानी झडप आहे, मित्रांनो. तळेगाव ढमढेऱ्यात सोजरबाईंच्या दाराला उजवीकडे लागते ती मी. माझ्या डाव्या जोडीदारणीला वाळवीने आतून पार पोखरले. चौऱ्याहत्तर साली घराची डागडुजी निघाली, तेव्हा तिचा नुसता भुगा हाती आला.

सोजरबाईंचा मुलगा सावळाराम दौंडला रेल्वेत होता. त्याचे लग्न ठरत होते आणि मुलीकडचे घर बघायला यायचे होते. "आई, मुलीच्या वडलांची शिरूरला लाकडाची वखार हाय. त्यांना नव्या-जुन्याचं ठिगळ दिसलं, तर ही बी काढून बंबात घालायची," असे बजावून तो ड्युटीवर गेला. बंबाचे नाव ऐकून माझ्या बिजागऱ्या कुरकुरल्या.

सोजरबाईंचा माझ्यावर भारी जीव. "इतकी वरसं हिनं घर राखलं. आता मी हिला राखते," म्हणाल्या.

खंडू सुताराने नवी झडप केली, पानाला लावतात त्या काताच्या पाण्याने रंगवली, वर पॉलिश चढवले. पण रंग जुळवताना पठ्ठ्याने माझ्या कडीपाशीचाच रंग धरला! नवी झडप झाली काळीकुट्ट आणि तिच्याशेजारी मी आजाऱ्यासारखी फिकट. खंडूने कपाळाला हात लावला.

सोजरबाई मात्र हसल्या. "आरं खंडू, कडीपाशी लाकडाचा रंग न्हाई, आमच्या हातांचा मळ हाय! वर बघ की, जिथं कुणाचा हात पोचत न्हाई."

"व्हय की काकी!"

खंडूने काचेच्या तुकड्याने नवीवरचे सगळे खरवडून काढले. मग काताचे पातळ पाणी, अंगभर एकच हात, आणि कडीभोवती तेवढे पुन्हा पुन्हा. वाळले की उन्हात निरखायचा, सावलीत निरखायचा, स्वतःशीच पुटपुटायचा.

पाहुणे आले. मुलीचे वडील बापूसाहेब दाराशी थांबले. आम्ही दोघी इतक्या सारख्या की सावळारामला राहवले नाही. "बापूसाहेब, यातली एक झडप नवी हाय. कंची ते सांगा."

बापूसाहेब वाकले, बोटाने ठोकून पाहिले, मागे सरले. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी ऐटीत नव्या झडपेवर थाप मारली. "ही जुनी! असलं जुनं सागवान लपतंय व्हय?"

खंडू हसत हसत खालीच बसला. सोजरबाईंनी खरे सांगितले, तेव्हा बापूसाहेबच सगळ्यात मोठ्याने हसले. "ऱ्हाऊ दे आई, दोघी बी ऱ्हाऊ दे," सावळाराम म्हणाला.

काय सांगू मित्रांनो तो आनंद! त्या संध्याकाळी मी अशी दणक्यात लागले की सारी आळी दचकली. आता आमचे एवढेच मागणे आहे. जुन्या लाकडाला अधूनमधून तेलाचा हात द्या, ओलीपासून जपा. आणि टाकूनच द्यायचे ठरले, तर आधी आमच्यातली जुनी कोण ते ओळखून दाखवा!