व्हर्ना टॅकेटच्या स्वयंपाकघरातली शांतता

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. लग्नाच्या मांडवात गाणी वाजवणारा नव्हे, तर सिनेमासाठी माणसांचे बोलणे टिपून घेणारा. माझा जन्म युरोपातल्या एका थंड गावात झाला. अंगावर ॲल्युमिनियमचे कवच, डोक्यावर फिरत्या टेपच्या दोन चकत्या आणि छातीवर एक काटा. कोणी बोलले की काटा उठतो, गप्प झाले की खाली येतो. गर्व म्हणा हवा तर, पण ऐकण्याच्या बाबतीत मी कधी कोणाला हार गेलो नाही.

लाड मात्र सगळे कॅमेऱ्याचे. त्याला मखमली अस्तराची पेटी, मऊ कापडाने पुसणे, ऊन लागले की छत्री. मी आपला खांद्याला लटकलेला, नाहीतर गाडीच्या मागच्या बाजूला तंबूच्या खुंट्यांशेजारी. सिनेमा बघायचा असतो ना, मग ऐकणाऱ्याला कोण विचारतो? हे माझे जुने दुखणे आहे. ते मधूनमधून डोके वर काढेल, तेवढे सांभाळून घ्या.

मला ट्रूडी केलमने एका बंद पडलेल्या रेडिओ केंद्रातून घेतले. ट्रूडी आवाजाचे काम करी. तिचा जोडीदार डॅरेल रस्क कॅमेरा चालवी, प्रश्न विचारी आणि मग घरी बसून तुकडे जोडून सिनेमा तयार करी. दोघेच होते. मागे ना स्टुडिओ, ना कोणी शेठ. रस्कचे म्हणणे असे की, जगाला अमेरिका म्हणजे दोन किनाऱ्यांवरची शहरे तेवढी ठाऊक आहेत आणि मधल्या माणसांच्या डोक्यावरून नुसती विमाने जातात. म्हणून आम्ही त्या मधल्या माणसांकडे जात असू. नदीत कंबरभर पाण्यात उभे राहून शिंपले काढणारे म्हातारे भेटले. गाड्या थांबायच्या बंद झाल्या तरी रोज तिकिटाची खिडकी उघडणारी एक बाई भेटली. रस्क त्यांच्या ओट्यावर तासन्‌तास बसे, त्यांची भांडी घासू लागे. त्याचे त्या लोकांवर प्रेम होते. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे ऐकून तुम्ही त्याला खलनायक ठरवाल आणि माझे म्हणणे बाजूलाच राहील.

सत्तरीचे दशक सरत आले तेव्हा आम्ही ओक्लाहोमाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सेल्विन गावी गेलो. तिथे शिशाच्या आणि जस्ताच्या खाणी होत्या. खाणी बंद पडल्या, पण त्यांतून उपसलेल्या बारीक राखाडी खड्यांचे डोंगर गावाभोवती तसेच उभे राहिले. गावाला त्यांचे काही वावडे नव्हते. पोरे पुठ्ठ्यावर बसून त्यांवरून घसरत. ईस्टरच्या पहाटे सगळे त्यांच्या माथ्यावर प्रार्थनेला जमत. घरापुढच्या वाटेवर भर घालायची असो, चर्चचे अंगण सारखे करायचे असो, लोक ट्रक घेऊन डोंगराकडे जात. मग एका वर्षी बाहेरचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितले की या खड्यांत शिसे आहे, ते मुलांच्या रक्तात उतरते आणि मेंदूला धरते.

व्हर्ना टॅकेट त्या गावात कपडे धुण्याच्या यंत्रांचे दुकान चालवी. नवरा खाणीतल्या धुळीने छाती भरून गेला होता. घरात ती आणि विशीतली मुलगी डार्ला. डार्ला मोठी लाघवी पोर, चादरींच्या घड्या अशा घालायची की बघत राहावे. पण शाळेत अक्षरे तिच्या डोक्यात कधी ठरली नाहीत आणि अधूनमधून तिची बोटे थरथरत. ती लहान असताना अंगणात तिच्यासाठी वाळूची पेटी केलेली होती. ती पेटी व्हर्नाने स्वतःच्या हाताने, फावड्याने, त्या डोंगरातल्या खड्यांनी भरली होती.

व्हर्ना बोलायला लागली की माझा काटा नाचायचा. तिने पहिल्याच दिवशी रस्कला सुनावले की, तुझा कॅमेरा तुझ्यापेक्षा धष्टपुष्ट दिसतो, त्यालाच जेवायला घालतोस वाटते. नवऱ्याच्या गोष्टी सांगताना ती हसली, मग रडली, मग रडल्याबद्दल स्वतःलाच रागावली. आणि शेवटच्या दुपारी, स्वयंपाकघरात, डार्ला दुकानावर असताना, रस्कने तो प्रश्न विचारला.

“व्हर्ना, तुम्ही ती पेटी भरलीत, तेव्हा त्या खड्यांत काय आहे ते तुम्हाला ठाऊक होतं का?”

“नाही,” ती म्हणाली.

मित्रांनो, प्रश्नाचा शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच ती म्हणाली. माझ्या काट्याला खाली यायलाही सवड मिळाली नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण ते ऐकणारे आम्ही मोजकेच होतो.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते. कुठे फ्रीज गुणगुणतो, कुठे खिडकीच्या फटीतून वारा शिरतो. सिनेमा जोडताना बोलण्यातले काही शब्द काढले की तिथे भोक पडते आणि ते लगेच कानाला खटकते. फाटक्या सदऱ्याला त्याच कापडाचे ठिगळ लावावे, तसे त्या भोकात त्याच खोलीच्या शांततेचे ठिगळ लावावे लागते. म्हणून काम संपले की आवाजवाला सगळ्यांना सांगतो, आता थोडा वेळ कोणी हलू नका, बोलू नका. आणि मी ती रिकामी खोली टिपून घेतो. मला हे काम फार आवडे. तेवढा वेळ तरी सगळे माझ्यासाठी गप्प बसत.

त्या दुपारी ट्रूडीने सगळ्यांना तसेच गप्प बसवले. चुलीवर डुकराच्या हाडाबरोबर घेवडा रटरटत होता, त्याचा आवाज नको म्हणून तिने व्हर्नाला चूल बंद करायला लावली. व्हर्ना परत खुर्चीत बसली. तिने मान खाली घातली, मग हळूच पातेल्याकडे पाहिले, मग पुन्हा आपल्या हातांकडे. कॅमेरा एरवी अशा वेळी बंद असतो. पण खिडकीतून आलेला उजेड तिच्या तोंडावर छान पडला होता आणि रस्कने तो चालूच ठेवला.

पुढे हिवाळ्यात ट्रूडी आजारी बहिणीकडे गेली आणि रस्क भाड्याच्या खोलीत सिनेमा जोडत बसला. माझ्यावरच्या टेपा त्याला लागत, म्हणून मीही तिथे टेबलावर होतो. तो प्रश्न आणि ते उत्तर त्याने पुन्हा पुन्हा ऐकले. मग त्याने प्रश्न कापून वेगळा केला. त्यानंतर व्हर्नाचा तो खाली मान घातलेला चेहरा लावला, त्याखाली मीच टिपलेली स्वयंपाकघराची शांतता पसरली, आणि त्याच्याही नंतर तिचे “नाही” ठेवले. जोडून झाल्यावर त्याने ते चालवून पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याला ते खरेच वाटले असावे. माझ्या छातीवरचा काटा तेव्हा पाताळात गेला होता, पण मला तोंड कुठे होते?

सिनेमा सगळ्यात आधी सेल्विनलाच दाखवायचा, असा रस्कचा हट्ट होता. शाळेच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये गाव जमले. लोकांचे बोलणे टिपायला ट्रूडी मला घेऊन आली होती. सुरुवातीला हशा पिकला, ओळखीची तोंडे दिसली की शिट्ट्या वाजल्या. मग तो प्रश्न आला. पडद्यावर व्हर्ना गप्प बसली. तिने मान खाली घातली, कडेला पाहिले, हातांकडे पाहिले. सगळा हॉल श्वास धरून होता. मग ती म्हणाली, “नाही.”

त्या हॉलमध्ये एकही माणूस असा नव्हता, की ज्याला ती खोटे बोलते असे वाटले नसेल. ट्रूडीने माझा पट्टा घट्ट धरला. तिला कळले होते.

बाहेर गाड्यांपाशी डार्ला आईची वाट पाहत उभी होती. आम्ही जवळच होतो.

“आई, तुला माहीत होतं?”

“अगं, नव्हतं गं.”

“मग सांगायला एवढा वेळ का लागला?”

तिने स्वतःच्या डोळ्यांनी स्वतःला थांबलेले पाहिले होते. आपण असे थांबलो होतो हे आपल्याला आठवत नाही, एवढेच ती म्हणाली, आणि ते तर आणखीच वाईट ऐकू आले.

गावातल्या प्रत्येक अंगणात तेच खडे होते. प्रत्येक आईने कधी ना कधी ते फावडे उचलले होते. पण आता पडद्यावर थांबलेली बाई एकच होती, त्यामुळे बाकीच्यांची सोय झाली. बायका शेजारच्या गावी कपडे धुवायला जाऊ लागल्या. डार्ला घरात होती, पण आईशी कामापुरते बोलत होती.

इकडे सिनेमाचे मोठे कौतुक झाले. त्या शांततेवर लोकांनी लेख लिहिले. सरकारी माणसांनी तो पाहिला, सेल्विनच्या पोरांचे रक्त तपासले आणि शाळेच्या मैदानातले खडे काढून नेले. हे सगळे खरेच झाले आणि चांगलेच झाले. ट्रूडी जेव्हा रस्ककडे जाऊन कडाडली, तेव्हा त्याने हेच पुढे केले.

“ती शांतता काढली, तर लोक नुसते बघतील आणि घरी जातील,” तो म्हणाला. “तिच्यामुळेच पोरं वाचताहेत, ट्रूडी.”

“ती शांतता व्हर्नाची नाही. तिच्या फ्रीजची आहे.”

रस्क म्हणाला की, सिनेमा आता गावोगाव गेला, तो परत कसा आणायचा. ट्रूडीने मूळ टेप उचलली, मला खांद्याला लावले आणि त्यानंतर त्या दोघांनी पुन्हा एकत्र काम केले नाही.

आम्ही सेल्विनला गेलो. तेच स्वयंपाकघर. ट्रूडीने मायलेकींना समोर बसवले आणि रस्कने काय केले ते सरळ सांगितले. तो चेहरा उत्तराच्या आधीचा नव्हता, नंतरचा होता. मग तिने मला चालू केले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी इतका जीव ओतून कधी वाजलो नाही. एक आई तिच्या मुलीला परत मिळते की नाही, हे माझ्यावर होते. प्रश्न झाला, आणि लगेच, जराही फट न राहता, “नाही.”

व्हर्नाने डोळे मिटले. तिला स्वतःला सापडल्यासारखे झाले असावे. “मी तेव्हा घेवड्याचा विचार करत होते,” ती म्हणाली, “चूल बंद केली होती ना, घेवडा टणक राहील म्हणून.”

डार्लाने पुन्हा लावायला सांगितले. मग आणखी एकदा. मला वाटले, आता ती आईच्या गळ्यात पडेल.

“सिनेमात तू थांबलीस,” डार्ला म्हणाली, “तेव्हा मला वाटलं, निदान हिला आतून काहीतरी होतंय. माझ्यासाठी. हे तर कोणी दुकान उघडं आहे का विचारल्यावर सांगावं तसं आहे.”

“अगं, पण खरंच माहीत नव्हतं. थांबून काय आठवायचं होतं मी?”

“मला कळतंय ते,” डार्ला म्हणाली. तिला खरेच कळत होते. “तुझं खोटं नव्हतं, हे पटलं मला. पण ती दुसरी आई मला बरी वाटायला लागली होती गं.”

ट्रूडीने मला बंद केले. मी खरे तेच ऐकवले होते. त्याने व्हर्नावरचा आळ गेला आणि डार्लाची ती दुसरी आईही गेली. उन्हाळ्यात ती शेजारच्या राज्यात एका हॉटेलच्या धुलाईखात्यात कामाला लागली. दर रविवारी आईला फोन करी. भांडण कधीच झाले नाही.

पुढे माझ्या जातीची यंत्रे मागे पडली. ट्रूडीने मला एका कॉलेजला देऊन टाकले. आता मी काचेच्या कपाटात असतो. पोरे येतात, माझे वजन बघून हसतात, काट्याला टिचकी मारतात. माझ्या आतले रबर विरघळून चिकट झाले आहे. मला पुसा, तेल घाला, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. तुमच्या खिशात आता माझ्याहून तल्लख कान आणि त्या कॅमेऱ्याहून तल्लख डोळा आहे, आणि तुम्ही लोकांच्या दारात जाऊन त्यांना बोलते करणार आहात. जरूर करा. ज्यांना कोणी विचारत नाही त्यांनाच विचारा. दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेल. माझी विनंती एवढीच आहे की, दुसऱ्याच्या तोंडी आपली शांतताही घालू नका. कितीही चांगल्या कामासाठी असली तरी नको. ती परत काढून घेता येत नाही.

हे मला कसे ठाऊक, तेवढे सांगून थांबतो. सरकारने सेल्विन गाव उठवायचे ठरवले, तेव्हा ट्रूडी मला घेऊन शेवटची तिथे गेली होती. गावकऱ्यांचे आवाज जपून ठेवावेत म्हणून. व्हर्नाने आम्हाला जेवू घातले, पूर्वीसारख्याच एक-दोन टपल्या मारल्या. मग ट्रूडीने माझा काटा जुळवण्यासाठी, नेहमीच्या सवयीने, तिला नुसते नाव सांगायला सांगितले.

व्हर्ना थांबली. तिने मान खाली घातली, हातांकडे पाहिले. माझा काटा पार तळाला जाऊन बसला, तरी ती थांबलेलीच होती.

“व्हर्ना टॅकेट,” ती म्हणाली. आणि मग ट्रूडीकडे बघून हळूच विचारले, “फार लवकर तर नाही ना सांगितलं?”