तिघींतली वरची

मी एक जुनी फिरकी आहे. पतंगाची नव्हे हं मित्रांनो, वारा मोजणारी. उंच लोखंडी खांबाच्या टोकाला मी बसते. वारा माझ्या वाट्यांत शिरला की मी गरगरते आणि खाली खोलीतला माझा काटा हलतो. माझ्या दोन बहिणी याच खांबावर आहेत, एक मध्यावर आणि एक जमिनीलगत. आम्हाला घडवणारा कारागीर मोठा चिकाटीचा माणूस होता. नुसत्या फुंकरीने फिरलो नाही, तर पुन्हा घासायला घ्यायचा.

खांब एका कारखान्याच्या आवारात आहे. काटे पाहायला एक बाई होत्या आणि त्यांचे यजमान भट्टी सांभाळत. भट्टी झाडताना फार कडवट धूर निघे, म्हणून ते काम थंडीतल्या निवांत सकाळी, काटे शून्यावर पाहूनच करत. अशा वेळी जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, ती जागची हलत नाही. धूर थोडा वर चढतो आणि चादरीसारखा पसरून तिथेच राहतो. खालच्या वस्तीला वासही येत नाही. सगळे म्हणत, फिरक्यांमुळे केवढी सोय झाली! ते ऐकून मी खुशीत येत असे.

आमच्यापैकी एखादी अधूनमधून बिघडे. म्हणून त्या दोघांनी एक नियमच केला होता, तिघींत दोघी म्हणतील ते खरे.

त्या सकाळी खाली पान हलत नव्हते. खांबाजवळच्या बाईंच्या अंगणात दोरीवरचे कपडे इस्त्री केल्यासारखे सरळ लोंबत होते. माझ्या बहिणी गप्प होत्या आणि मी मात्र वेड लागल्यासारखी फिरत होते. वर वारा सुसाट होता, पण त्याचा आवाज खाली पोहोचत नव्हता. मला भीती वाटू लागली.

"अहो, आज राहू द्या," बाई म्हणाल्या. "वरचीचं लक्षण ठीक दिसत नाही. बाबा अंगणात उन्हाला बसलेत."

बाबा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना दमा होता.

"अगं, दोघी काय म्हणतायत ते बघ की! ही एकटीच पिसाळलीय. आणि वर वारा असला तर असू दे, सासरेबुवा काय खांबावर बसलेत?"

बाई हसल्या. यजमान दोरी घेऊन वर चढले. वाऱ्याने त्यांची टोपी उडाली, डोळ्यांत पाणी आले, तरी त्यांनी माझ्या वाट्या खांबाला करकचून बांधल्या. खोलीत माझा काटा शून्यावर आला. मग भट्टीचे झाकण उघडले.

धूर वर आला आणि माझ्या पायाशी पसरला. त्याच्या खाली मुकी हवा आणि वर धावती हवा. मित्रांनो, दोन थरांच्या वेगात असा फरक पडला की ते एकमेकांना घासू लागतात. फरक वाढत गेला, तर गार हवेचा जडपणाही त्यांना वेगळे ठेवू शकत नाही. चादरीवर लाटा उठल्या. एकामागून एक, सारख्या अंतरावर, अगदी सावकाश. त्यांचे शेंडे वळले, आत गुंडाळले गेले आणि फुटले. ताक घुसळावे तशी हवा वरखाली होऊ लागली. एरवी ही घुसळण चांगलीच, साठलेला धूर तीच पांगवते. पण त्या दिवशी तिने वरचा सगळा धूर आधी खाली नेला.

मधली बहीण फिरू लागली. मग खालची. मी नुसती थरथरत होते.

कपडे एकदम फडफडले आणि धुरात दिसेनासे झाले. "बाबा!" म्हणत बाई धावल्या. धूर विरला तेव्हा त्या अंगणात बसल्या होत्या. बाबांचे डोके त्यांच्या मांडीवर होते आणि त्या त्यांना अजून वारा घालत होत्या.

चौकशीला साहेब आले तेव्हा हवा पुन्हा निपचित पडली होती. तिन्ही काटे शून्यावर पाहून ते म्हणाले, "वारा नव्हताच. दोष कुणाचा नाही."

"होता," बाई म्हणाल्या. "ती सांगत होती. आम्हीच तिचं तोंड बांधलं." यजमानांनी मान वर केली नाही. त्यानंतर ती दोघे कुठे गेली, मला माहीत नाही. मला सोडवायला कुणीच चढले नाही.

कारखाना आता बंद आहे. आवारात मुले खेळतात. थंडीत माणसे तिथे जुने टायर जाळतात. काडी ओढण्याआधी कुणीतरी मान वर करून आमच्याकडे पाहतोच. "तिन्ही शांत आहेत रे. लावा!" असे म्हणतो.

मित्रांनो, वस्तू जपा, तेलपाणी करा, हे तर मी सांगेनच. पण एकटी पडली म्हणून कुणाला खोटी ठरवू नका. कुणीतरी वर चढा आणि माझी दोरी सोडा. लवकर या. आज पहाटेपासून वर वारा सुटला आहे, खाली मुलांचा डाव रंगला आहे, आणि आत्ताच कुणीतरी मान वर करून माझ्याकडे पाहिले.