छपरावरची राणी

संध्याकाळी रंगपटात फुलं आली आणि पोलेतने कपाळावर हात मारला.

"कार्नेशन! ही अवदसा कुणी पाठवली, बाई?"

नटांना कपडे चढवता चढवता पोलेतचे केस लियाँच्या या नाट्यगृहातच पिकले होते. इथे नटीला कार्नेशन कुणी देत नाही. जुने मालक हंगामाच्या शेवटी ठेवायच्या नटीला गुलाब पाठवत आणि काढायच्या नटीला कार्नेशन.

"माझ्या मुलीने," ओदिल म्हणाली. "तिला काय कळतंय नाटकातलं. राहू दे."

लेक अर्मेल नाटकाला येणार, याचाच तिला एवढा आनंद झाला होता की तिला त्या वेळी कुणी धोत्र्याची फुलं दिली असती तरी तिने केसांत माळली असती.

ओदिल वासर म्हणजे एके काळी फ्रान्सच्या पडद्यावरचं सगळ्यात सुंदर रडणं. आधी डावा डोळा भरायचा, मग उजवा, आणि अख्खं थिएटर पाघळायचं. पाघळली नाही ती एकटी अर्मेल. ती सहा वर्षांची असताना आई तिला आजीच्या दारात सोडून टॅक्सीने चित्रीकरणाला निघाली, तेव्हाही डावाच डोळा आधी भरला होता. मोठी झाल्यावर पोरीने तोंडावर सांगितलं, "तू रडलीस की मी कॅमेरा शोधते." त्यानंतर दोघींचं बोलणं बंद.

म्हणून तर साठी उलटल्यावर बाईंनी हा उपद्व्याप केला. ग्रीक शोकांतिका, नवऱ्यावरच्या सुडापायी पोटची पोरं मारणारी राणी, आणि तोंडावर जुन्या ग्रीकांसारखा अख्खा मुखवटा. ज्या चेहऱ्यावर आयुष्य काढलं तोच झाकायचा. त्या चेहऱ्यामागे कुणीतरी आहे, हे मुलीला एकदा पटावं, एवढीच तिची धडपड होती.

नाटक रंगलं. शेवटाकडे राणी घरात जाते. खून प्रेक्षकांना दिसत नाहीत, नुसता आतून आवाज येतो, आणि मग राणी छपरावर उभी राहून शेवटचं बोलते. ओदिल आत आली, छपराच्या जिन्याशी पोचली, आणि अंधारात पोर किंचाळलं, "आई, नको ना!"

तालमीत हे ओरडायचं काम ध्वनिवाला बाप्या करायचा आणि सगळे हसायचे. खऱ्या पोराचा मुद्रित आवाज आज पहिल्यांदा वाजला. ओदिलचे पाय थिजले.

"बाई, वर चला!" पोलेत कुजबुजली. ओदिलच्या हातून कठडा सुटेना.

सिदोनी शेजारीच होती. ओदिल आजारी पडलीच तर उभी राहायला ठेवलेली नटी. तिने बाईंचा श्वाससुद्धा गिरवून ठेवला होता. तिने पोलेतकडे पाहिलं. पोलेतने ओदिलच्या अंगावरचा झगा उतरवून तिच्या अंगावर टाकला, मुखवटा चढवला, आणि सिदोनी वर गेली. त्या लाकडी मुखवट्यातून कुणाचाही आवाज घोगराच येतो. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर थोड्याच वेळात रंगपटाचं दार धाडकन उघडलं. अर्मेल. डोळे लाल. तिने आईला घट्ट मिठी मारली.

"सुरुवातीला वाटलं, झालं हिचं नेहमीचं सुरू. पण छपरावर तू होतीस गं! माझी आई! मी उगाच इतकी वर्षं..."

पोलेत पाठीमागून डोळे वटारून खुणावत होती, गप्प बसा! नुसतं गप्प बसलं की मुलगी परत मिळत होती.

"छपरावर मी नव्हते," ओदिल म्हणाली.

अर्मेल हसली. "पुरे तुझं नाटक."

"सिदोनी होती. माझ्या जागेवर ठेवलेली मुलगी."

अर्मेलने पोलेतकडे पाहिलं. पोलेतने मान खाली घातली. अर्मेलचे हात आईच्या खांद्यावरून गळून पडले.

"मग तू कुठे होतीस?"

"जिन्याखाली. ते पोर ओरडलं आणि मला आजीचं दार दिसलं. पाय उचललाच नाही गं. त्या दिवशी उचलला होता."

अर्मेल दाराकडे गेली. थांब म्हणायला ओदिलला तोंडच नव्हतं. पण अर्मेलने पोलेतला बाहेर घालवून दार आतून लावलं, आणि येऊन समोर बसली. आईचा चेहरा रडून सुजला होता, नाक वाहत होतं, आणि आता डोळे दोन्ही कोरडे होते.

"खरं सांग. त्या दिवशी टॅक्सीत बसल्यावर तू काय केलंस?"

"झोपले," ओदिल म्हणाली. "स्टेशन येईपर्यंत गाढ झोप लागली मला."

अर्मेलने एकदा दाराकडे पाहिलं. पण ती उठली नाही.